ग्रीनलँडची आइसकॅप स्कीवरून पार करायची आहे, तर तयारी नेमकी कशाची?

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, पुण्यात नोकरी, हिमालयातले तीन-चार ट्रेक आणि बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स झालेला, स्की पायाला कधीच लावलेली नाही. पुढच्या एप्रिल-मेमध्ये गाइडसोबतच्या टीममधून ग्रीनलँडची आइसकॅप, म्हणजे जमीन झाकणारा बर्फाचा प्रचंड थर, पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडायची आहे. वर्षभरात तेवढा फिटनेस होईल का, आणि उणे ३० ची थंडी सोसेल का?

दोन्हींचं उत्तर बहुतेक ‘हो’ असंच आहे. वय आडवं येत नाही, आणि कोरडी थंडी नीट कपड्यांत सोसता येते. पण लोक अर्ध्यातून परत येतात ते ताकद कमी पडली म्हणून क्वचितच. पायाचे फोड, घामानं भिजलेले आणि मग गोठलेले कपडे, गारठलेली बोटं, आणि रोजची छोटी कामं वेळेत न उरकल्यामुळे साठत गेलेला थकवा, ही खरी कारणं. म्हणून माझ्या मते प्रश्न असा हवा: २५-२७ दिवस, रोज, हातात मिटन (अंगठा सोडून चारही बोटं एकत्र राहणारे जाड हातमोजे) असताना, वाऱ्यात, तीच ती कामं न चुकता कशी करायची?

आधी वाट समजून घ्या. बहुतेक टीम पश्चिमेकडच्या कांगरलुसुआकहून निघतात. तिथून एक कच्चा रस्ता थेट बर्फाच्या कडेपर्यंत, ‘पॉइंट ६६०’ नावाच्या जागेपर्यंत जातो. तिथून पूर्व किनाऱ्यावरच्या इसोर्तोकपर्यंत साधारण ५५० किलोमीटर. सुरुवातीचे २०-३० किलोमीटर बर्फाचे उंचवटे आणि वितळपाण्याच्या घळी असतात, पल्क सारखी उलटते आणि दिवसाला सहा ते दहा किलोमीटरच होतात. (पल्क म्हणजे कमरेला बांधून ओढायची लांबट गाडी, तुमचं सगळं सामान तिच्यात.) पुढे चढ इतका सौम्य होतो की डोळ्यांना कळत नाही, पायांना कळतो. साधारण एक तृतीयांश वाट झाल्यावर डाय-२ लागतं, शीतयुद्धातलं अमेरिकन रडार ठाणं, १९८८ साली सोडून दिलेलं. त्यानंतर सुमारे २५०० मीटरचा माथा, आणि मग पूर्वेकडे लांबलचक उतार. माथ्याची ही उंची तुम्हाला हिमालयामुळे ओळखीची आहे, त्यामुळे त्या बाजूनं काळजी नको. सरासरी २२ किलोमीटर रोज धरतात, पण पहिले चार-पाच दिवस हळू गेल्यामुळे नंतर २५ च्या वर जावं लागतं.

फिटनेसचं आधी संपवतो. जुना गाडीचा टायर, हार्नेस (ओढण्यासाठी कमरेला बांधायचा पट्टा) आणि तीन मीटर दोरी, बस. वेताळ टेकडीवरचा मातीचा रस्ता त्यासाठी उत्तम. डांबरावर टायर फार धरतो आणि कंबर दुखावते, म्हणून मातीच बरी. एका टायरनं सुरुवात करा, दोन महिन्यांनी दुसरा जोडा. आठवड्यात दोन दिवस दीड-दोन तास, रविवारी चार ते सहा तास. वेग मुद्दाम कमी ठेवायचा, सोबतच्या माणसाशी सलग बोलता येईल इतका. धावण्याची गरज नाही, कारण तिथे कुणी धावत नाही. तिथे आठ ते दहा तास एकाच लयीत ओढायचं असतं. शेवटच्या तीन महिन्यांत दोनदा तरी लागोपाठ तीन दिवस सहा-सहा तास ओढा. तिसऱ्या दिवशी नितंब, मांडीचा मागचा भाग आणि टाचेमागची शीर काय म्हणते ते पाहा. हार्नेस कुठे घासतो तेही याच दिवशी कळतं, आणि ते घरी कळलेलं बरं.

टायर का, तर थंड कोरड्या बर्फावर पल्क घसरत नाही, वाळूत ओढल्यासारखी धरते. उणे पाचला गाडीच्या तळाशी घर्षणानं पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि ती सरकते. उणे तीसला तो थर जवळजवळ होतच नाही. त्यामुळे सकाळच्या पहिल्या तासाला तीच पल्क दुपारपेक्षा दुप्पट जड वाटते. नवख्या माणसाला वाटतं आपल्यातच काही बिघडलं. बिघडलेलं नसतं. ऊन वर आलं की गाडी हलकी होते, तोवर पावलं छोटी ठेवायची.

स्कीबद्दल स्पष्ट सांगतो. गुलमर्ग किंवा औलीचा कोर्स चांगलाच आहे, पण तिथे शिकवतात ती उताराची स्की: टाच बांधलेली, बूट कडक. आइसकॅपवर टाच मोकळी असते, बूट मऊ आणि स्की लांब व अरुंद. तळाला स्किन लावलेली असते, म्हणजे एका दिशेनं सरकणारी आणि उलट दिशेनं धरणारी केसाळ पट्टी. सलग सपाटीवर तुम्ही जवळजवळ चालताच, फक्त पाऊल उचलायचं नाही, पुढे सरकवायचं. हे दोन दिवसांत जमतं. जमत नाही ते पूर्वेच्या उतारावर मागून ढकलणारी पल्क सांभाळणं. म्हणून जाण्याआधीच्या हिवाळ्यात नॉर्वेतल्या फिन्सेसारख्या ठिकाणी पाच-सात दिवसांचं पल्कसह प्रशिक्षण घ्या. हार्डांगरविद्दाचं पठार तिथेच आहे. वारा, व्हाइटआउट (आभाळ आणि बर्फ एकसारखं पांढरं होऊन काहीच न दिसणं), तंबू, सगळं ग्रीनलँडसारखं, पण गाव आणि रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर. अनेक कंपन्या असा अनुभव असल्याशिवाय घेतच नाहीत, आणि ते योग्य आहे. पैसे वाचवायचे असतील तर कपड्यांत वाचवा, या आठवड्यात नको.

आता मुख्य गोष्ट, घाम. उणे वीसला ओढताना अंगातून निघालेली वाफ कपड्यांच्या बाहेरच्या थरात जाऊन गोठते. दुपारी जॅकेटच्या आतून बर्फाचे बारीक कण झटकून काढता येतात. तेच रात्री तंबूत वितळतं, झोपायच्या बॅगेत शिरतं, पिसांच्या गाठी होतात, आणि दहाव्या दिवसापासून बॅग ऊब देईनाशी होते. तिथे वाळवायला दुसरं काही नाही, कडक ऊन आणि वारा असेल तेवढाच. म्हणून सकाळी निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दहा मिनिटांत अंग गरम होतं. गरम कपड्यांत आरामात निघालात तर पंधराव्या मिनिटाला घाम आणि तिसाव्याला सगळी टीम तुमच्यासाठी थांबलेली. आधी झिप उघडा, मग टोपी काढा, मग मिटन पातळ करा, आणि तरीही गरम होत असेल तर वेग कमी करा.

पायाला हाच नियम, पण उलट्या पद्धतीनं. पायाचा घाम थांबवता येत नाही, म्हणून तो बुटात जाऊ द्यायचा नाही. पातळ मोजा, त्यावर वाफ न सोडणारा मोजा (काही जण साधी मजबूत प्लास्टिकची पिशवी वापरतात), त्यावर जाड लोकरीचा मोजा. आतला पातळ मोजा ओला होतो, तो रोज बदलायचा आणि रात्री पोटाशी घेऊन वाळवायचा. बाहेरचा जाड मोजा आणि बुटाचं आतलं अस्तर कोरडं राहतं, आणि ऊब तिथेच असते. यासाठी बूट नेहमीपेक्षा दीड-दोन नंबर मोठे घ्या, आणि टायर ओढताना मोज्यांची हीच रचना घाला. पाऊल दिवसभर ओलसर राहिल्यामुळे कातडी मऊ पडते. रात्री पाय उघडे करून पूर्ण कोरडे करा, पावडर लावा. टाचेला लाली दिसली त्याच रात्री टेप लावायची, फोड येण्याची वाट पाहायची नाही.

मांड्यांबद्दल कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. बाजूचा वारा पँटमधून दिवसभर मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागाला लागतो, ओढताना ते जाणवत नाही, आणि चार-पाच दिवसांनी तिथे लाल-जांभळे चट्टे, मग जखमा होतात. यामुळे लोकांना बाहेर काढावं लागलेलं आहे. गुडघ्यापर्यंतची हलकी भरलेली हाफपँट किंवा स्कर्ट वाऱ्याच्या दिवशी पँटवरून घाला, आणि रोज रात्री मांड्या हातानं तपासा. चेहऱ्यासाठी नाकपट्टी आणि गॉगल, आणि प्रत्येक विश्रांतीला एकमेकांचं नाक व गाल पाहायचे. मेणासारखा पांढरा ठिपका दिसला की उघडा कोमट हात नुसता दाबून धरायचा. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही.

विश्रांतीची शिस्त ही शिकायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ५० मिनिटं चाल, १० मिनिटं थांबा, अशी साधारण लय असते. थांबल्या क्षणी, पाणी पिण्याच्याही आधी, मोठं डाऊन (पिसं भरलेलं) जॅकेट अंगावर. ते पल्कच्या कव्हरखाली सगळ्यात वर ठेवलेलं असतं. मग वाऱ्याकडे पाठ करून पल्कवर बसायचं, थर्मासचे दोन-चार घोट, खाऊच्या पिशवीतून मूठभर, लघवी, चेहरा तपासणी. नवव्या मिनिटाला स्की पायात, आणि जॅकेट सगळ्यात शेवटी काढून लगेच चालू पडायचं. एका माणसामुळे थांबा १५ मिनिटांचा झाला तर दिवसाचे सात थांबे धरून ३५ मिनिटं गेली, म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलोमीटर. पंचवीस दिवसांत दोन दिवसांची चाल. आणि बाकीचे पाच जण तेवढा वेळ गारठत उभे. त्यामुळे घरीच करा: प्रत्येक झिपला मिटनमधून पकडता येईल अशी दोरी, मिटनना गळ्यातून किंवा मनगटावरून वादी, रोजचा खाऊ वेगळ्या पिशवीत आधीच भरलेला. उडून गेलेला एक मिटन हा तिथे गंभीर अपघात असतो.

खाण्याचं गणित सरळ आहे. रोज माणशी सुमारे एक किलो सुकं अन्न आणि त्यातून ५००० कॅलरी, म्हणजे १०० ग्रॅमला सरासरी ५०० हव्यात. पिठं, साखर यांतून ४०० च्या आसपासच मिळतात, म्हणून स्निग्ध पदार्थ भरपूर लागतात. नॉर्वेचा शोधप्रवासी फ्रित्यॉफ नानसेन १८८८ साली आणखी पाच जणांसह पहिल्यांदा ग्रीनलँड ओलांडून गेला तेव्हा त्यांच्या पेमिकनमध्ये (सुकं मांस कुटून, सहसा चरबी मिसळून केलेलं अन्न) चरबी नव्हती, आणि पोटभर खाऊनही सगळे चरबीसाठी वखवखलेले होते. आपल्याकडचे शेंगदाणे, शेंगदाण्याची चिक्की, तिळाची वडी, बाकरवडी, तळलेला चिवडा इथे फार कामाचे. कसोटी एकच: पदार्थात पाणी नको. ओलसर लाडू, खजूर, चॉकलेटचे मोठे बार दगड होतात. चिक्कीसुद्धा घरीच नखाएवढे तुकडे करून न्या, दात तुटल्याचं दुखणं मधल्या पठारावर परवडत नाही. जेवणाला गरम पाण्यात फुलणारे पदार्थ घ्या: फ्रीझ-ड्राय शाकाहारी पाकिटं, पोहे, भाजलेल्या रव्याचं तयार मिश्रण. डाळ-तांदूळ शिजवत बसण्याइतकं इंधन नसतं. रोज ५० ग्रॅम तूप मिसळलं तर ४५० कॅलरी वाढतात, पण तूप घरून नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ डेन्मार्कमध्ये आणता येत नाहीत. कोपनहेगनला बटर घ्या.

इंधन माणशी रोज पाव लिटर व्हाइट गॅस (स्टोव्हसाठीचं पेट्रोलसारखं शुद्ध द्रव इंधन). तिघांच्या तंबूला २७ दिवसांचे २० लिटर, वजन सुमारे १४ किलो, शिवाय राखीव. बाटल्या पल्कमध्ये अन्नापासून शक्य तितक्या दूर, मागच्या टोकाला आणि स्वतंत्र पिशवीत. एक बाटली झिरपली की चार दिवसांचं अन्न वाया जातं. पाणी करताना भांड्यात आधी थोडं पाणी असावंच लागतं, त्यात बर्फ घालत जायचं. नुसता कोरडा बर्फ टाकला तर भांडं करपतं आणि पाण्याला जळकट चव येते. त्यासाठी रात्री थर्मासमध्ये कपभर राखून ठेवा. तंबूत स्टोव्ह चालू असताना वरचा झरोका उघडा म्हणजे उघडाच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि थकलेल्या माणसाला डोकेदुखी ही थकव्याचीच वाटते. अन्न, इंधन, अंगावरचं सामान आणि वाटणीचं सामान मिळून पल्क ६०-७० किलोची होते.

तंबू वाऱ्यात कसा लावायचा ते बारकाईनं सांगतो, कारण तो हातातून उडाला की मोहीम तिथेच संपते. टनेल टेंट (बोगद्यासारखा लांबट तंबू) पल्कवर लांबट गुंडाळून नेतात, पोल खोबणीत घातलेलेच आणि फक्त मध्ये दुमडलेले. जागा ठरली की पिशवीतून बाहेर काढण्याआधी वाऱ्याकडचं टोक बर्फात खोचलेल्या स्कीला किंवा पल्कला कॅराबिनरनं (गिर्यारोहणातली धातूची कडी) अडकवायचं. मग एकानं पोल जोडायचे, दुसऱ्यानं मागच्या टोकाला ताण द्यायचा, आणि कापड वाऱ्याच्या दिशेनं जमिनीलगत पसरायचं. तंबू उभा राहिला की खालच्या झालरीवर फावड्यानं बर्फ, आधी वाऱ्याच्या बाजूला. सराव झालेल्या दोघांना हे १५ मिनिटांत जमतं. हा सराव पुण्यात पावसाळी वाऱ्यात, हातात जाड ग्लोव्हज घालून, वीस वेळा करा.

पूर्व किनाऱ्याकडे पितेराकची भीती असते: पठारावरची जड थंड हवा किनाऱ्याकडे कोसळते आणि घरांची छपरं उडवण्याइतका वारा सुटतो. १९७० च्या फेब्रुवारीत तासीलाक गावाची त्यानं वाताहत केली होती. अंदाज सॅटेलाइट फोनवर आधी मिळतो. मग टीम थांबते, बर्फ खणून तंबू खोलगट जागेत लावते आणि बर्फाच्या विटांची भिंत बांधते. भिंत तंबूपासून दोन मीटर तरी दूर हवी. खेटून बांधली तर तिच्या आडोशाला साचणारा बर्फ तंबूच गाडतो. दर दोन-तीन तासांनी कुणीतरी बाहेर जाऊन उपसत राहायचं. असे दोन-तीन दिवस पडून काढावे लागू शकतात, म्हणून वेळापत्रकात राखीव दिवस आहेत का, हे कंपनीला विचाराच.

दिशा पाहायला गाइड असतो, पण चांगल्या टीममध्ये प्रत्येकाला तासभर पुढे चालायला लावतात. होकायंत्र छातीवरच्या पट्टीत. तिथे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या बरीच पश्चिमेला असते, तेवढा फरक त्या वर्षाच्या नकाशावरून लावून घ्यावा लागतो. पण दर मिनिटाला होकायंत्राकडे पाहणारा माणूस नागमोडी जातो. दिशा एकदा घेऊन सावली कुठे पडते ते पाहा: पूर्वेकडे जाताना सूर्य सकाळी समोर, दुपारी उजवीकडे, संध्याकाळी पाठीमागे, आणि तासाला १५ अंश सरकतो. स्कीच्या काठीला बांधलेली रिबन वाऱ्याची दिशा दाखवते, ढगाळ दिवशी तीच आधार. पूर्ण व्हाइटआउटमध्ये वर-खाली कळत नाही आणि मळमळतं. तेव्हा पुढच्याला अर्ध्या तासानं बदला.

कागदपत्रांत एक गोष्ट आपल्या लोकांची हमखास चुकते. ग्रीनलँड शेंगेनमध्ये नाही. नुसत्या शेंगेन व्हिसावर तिथे जाता येत नाही. डेन्मार्कच्या दूतावासाकडे अर्ज करताना ग्रीनलँडचा उल्लेख करायचा आणि व्हिसावर तो छापलेला आहे का ते पाहायचं. आइसकॅपवर जायला ग्रीनलँड सरकारचा परवाना आणि शोध-बचावाचा विमा लागतो. परवाना सहसा कंपनी काढते, पण विम्याची कलमं तुम्ही स्वतः वाचा. आणि नोव्हेंबर २०२४ पासून कोपनहेगनची मोठी विमानं राजधानी नूकला उतरतात, पुढे कांगरलुसुआकला छोटं विमान असतं. जास्तीच्या सामानाचं आधी ठरवून ठेवा.

काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे? बरंच. एप्रिलच्या सुरुवातीला माथ्यावर रात्री उणे ३० च्याही खाली जातं आणि गाडी धरते. मेअखेर ऊब असते पण पूर्वेला बर्फ भिजतो, तेव्हा रात्री चालावं लागतं. टीममध्ये चार जण असले तर वेग एक, आठ असले तर दुसरा. कंपनी निवडताना ही चौकशी करा: एका गाइडमागे किती जण, कुणी दुखावलं तर बाकीची टीम पुढे जाते की सगळे थांबतात, परत पाठवण्याचा निर्णय कोण आणि कुठवर घेतं, हेलिकॉप्टरचा खर्च विम्यात किती बसतो. पहिल्या पाच दिवसांत माघार सोपी आणि स्वस्त असते, माथ्यावर नसते. पायाचं दुखणं चौथ्या दिवशी गाइडपासून लपवणारा माणूस बाराव्या दिवशी सगळ्यांची मोहीम अडचणीत आणतो. गाइडला आधी आणि खरं सांगायचं, ही सवय फिन्सेलाच लावून घ्या.

तुमच्या वर्षाची आखणी मी अशी करीन: आतापासून टायर. पावसाळ्यात तंबू, मोजे आणि बूट. नोव्हेंबरपर्यंत खाऊची दहा दिवसांची पिशवी भरून रोज तेच खाऊन पाहा, पोटाला काय चालत नाही ते कळू दे. जानेवारी किंवा फेब्रुवारीत नॉर्वे. तिथून आल्यावर, तिथल्या पाचव्या दिवशी कुठे दुखत होतं आणि तंबू किती मिनिटांत लागला, एवढं कळवा. एप्रिलला जायचं की एक वर्ष थांबायचं, ते त्यावरून ठरवता येईल.